‘वजन वाढू दे, मग बघू’: बाळाच्या हृदयातला दोष, त्याचे उपचार आणि हातची वेळ

हृदयात भोक असलेल्या बाळाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘अजून लई बारीक आहे, वजन वाढू दे, मग ऑपरेशनचं बघू.’ आजी म्हणते, मामा म्हणतो, शेजारपाजारचे म्हणतात, कधी गावातले डॉक्टरही म्हणतात. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. तीन-साडेतीन किलोचं पोर आणि त्याची छाती उघडायची, ही कल्पनाच कुणाला सोसत नाही. पण भोक मोठं असेल तर बाळाचं वजन त्या भोकामुळेच वाढत नसतं. वजनाची वाट बघत बसलं की वजनही येत नाही आणि ऑपरेशनची वेळही निघून जाते. बेळगाव जिल्ह्यात खानापूरच्या जंगलपट्ट्यापासून निपाणी-चिकोडीपर्यंत आपल्या भागातल्या अनेक घरांना हे उशिरा कळतं, म्हणून हा लेख.

दर १००० जिवंत जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. म्हणजे शंभर बाळंतपणांत जवळजवळ एक. त्यातले पुष्कळ दोष किरकोळ असतात आणि त्यांना कधीच हात लावावा लागत नाही. पण साधारण पाचातल्या एका बाळाला पहिल्या वर्षातच ऑपरेशन किंवा तारेने करायचा उपचार लागतो. आपलं मूल यातलं कोणतं, हे ठरवणारी तपासणी म्हणजे एको, हृदयाची सोनोग्राफी. ती दुखत नाही, तिच्यात किरणं नसतात. मात्र ती लहान मुलांच्या हृदयाची माहिती असलेल्या डॉक्टरांनी केलेली असावी. मोठ्यांच्या एकोत मुरलेल्या माणसाकडून बाळाच्या हृदयातल्या काही गोष्टी नजरेतून सुटू शकतात.

भोक असलं की नेमकं बिघडतं काय

हृदयाचे कप्पे चार. उजवे दोन अशुद्ध रक्त फुफ्फुसांकडे पाठवतात, डावे दोन शुद्ध रक्त सगळ्या अंगाला पुरवतात. डाव्या बाजूचा दाब उजवीपेक्षा कितीतरी जास्त असतो. मधल्या पडद्याला भोक असेल तर शुद्ध रक्ताचा काही भाग अंगाकडे न जाता उजवीकडे ढकलला जातो आणि पुन्हा फुफ्फुसात जातो. शेतकऱ्याला हे चटकन उमजेल. मोटर चालू आहे, पाणी पाटाने उसाकडे निघालंय, पण वाटेत बांध फुटून निम्मं पाणी परत विहिरीत पडतंय. मोटर दिवसभर राबते, वीज जळते, ऊस मात्र तहानलेलाच.

बाळाच्या बाबतीत राबणारी मोटर म्हणजे हृदय. फुफ्फुसात रक्त जास्त झाल्यामुळे श्वास जोरात चालतो. दूध ओढताना कपाळाला घाम येतो. दोन मिनिटं चोखलं की बाळ थांबतं, दमतं, झोपतं आणि पंधरा मिनिटांत पुन्हा रडतं. खाल्लेलं सगळं श्वास घेण्यातच खर्च होतं, अंगाला लागत नाही. वरचेवर न्यूमोनिया होतो. घरात म्हणतात, ‘डबा झालाय’, आणि बिब्बा घालायला किंवा पोटावर चटके द्यायला कुणाकडे तरी नेतात. कळकळीने सांगतो, हे करू नका. त्या चटक्यांनी फुफ्फुसातलं रक्त कमी होत नाही, वर जखम पिकते आणि आधीच थकलेल्या बाळाला जंतुसंसर्ग होतो. महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्यांदा ‘डबा’ झाला तर त्या बाळाचा एको व्हायलाच हवा.

‘जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासलं होतं, तेव्हा काही नव्हतं,’ असं आई-वडील सांगतात आणि ते खरंच असतं. जन्मानंतर पहिले काही आठवडे फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या अजून आवळलेल्या असतात, त्यामुळे भोकातून फारसं रक्त वाहत नाही. चार ते सहा आठवड्यांत त्या सैलावतात, प्रवाह वाढतो आणि मग त्रास दिसू लागतो. म्हणून दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेता तेव्हा छाती तपासून घ्या. नर्सताईंना दूध पाजतानाचा घाम आणि धाप यांबद्दल आवर्जून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.

पडद्यातली ही भोकं मुख्यतः दोन प्रकारची. खालच्या कप्प्यांमधलं ते व्हीएसडी, वरच्या कप्प्यांमधलं ते एएसडी. तिसरा दोष पीडीए. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं काम करत नसतात, म्हणून रक्ताला एक आडवाट असते. ती जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बंद होते. ती उघडीच राहिली की पीडीए. दिवस पूर्ण न भरलेल्या बाळांत हे जास्त दिसतं आणि त्यांच्यात कधी कधी आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलसारख्या साध्या औषधानेही ती वाट मिटते.

बरं वाटणं नेहमी चांगलं नसतं

सुरुवातीला औषधं देतात. फुरोसेमाइडसारखं लघवी वाढवणारं औषध फुफ्फुसातलं पाणी कमी करतं, एनालाप्रिलसारखं औषध हृदयावरचा भार हलका करतं. त्यांनी धाप कमी होते, दूध जरा जास्त जातं. लहान व्हीएसडी असेल तर तेवढ्या काळात ते आपोआप बुजण्याची शक्यता चांगली असते, पडद्याच्या मांसल भागातलं असेल तर विशेषच. अशा मुलाला काहीच त्रास नसतो, फक्त छातीत आवाज येतो, आणि वर्षा-सहा महिन्यांनी एको करत राहणं पुरतं. त्याला घरात कोंडून ठेवू नका, खेळू द्या.

मोठ्या भोकाचं गणित निराळं. औषध भोक बुजवत नाही, फक्त वेळ काढून देतं. आणि इथेच फसगत होते. महिनोन्‌महिने जास्त दाबाचं जास्त रक्त आलं की फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि कडक होत जातात. त्या अरुंद झाल्या की भोकातून जाणारं रक्त आपोआप कमी होतं. मग काय दिसतं? बाळाची धाप कमी होते. न्यूमोनिया थांबतो. वजनही थोडं भरतं. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. ‘बघा, औषधानं बरं झालं, ऑपरेशन टळलं.’ प्रत्यक्षात ऑपरेशनची वेळ मिटत चाललेली असते. पुढे काही वर्षांनी फुफ्फुसाचा दाब इतका वाढतो की रक्त उलट्या दिशेने वाहू लागतं, अशुद्ध रक्त अंगात जातं, ओठ-नखं निळी पडतात. याला आयझेनमेंगर म्हणतात. या टप्प्यावर भोक बुजवलं तर रक्ताला सुटकेची वाट उरत नाही आणि रुग्ण दगावू शकतो. म्हणून ऑपरेशन करताच येत नाही. सिल्डेनाफिल, बोसेंटान यांसारख्या गोळ्यांनी त्रास कमी होतो, पण गेलेली वेळ परत येत नाही.

म्हणून मोठा व्हीएसडी सहसा पहिल्या वर्षातच, बाळ औषधाला दाद देत नसेल तर तीन ते सहा महिन्यांतच बंद करतात. डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असलेल्या बाळांत फुफ्फुसं आणखी लवकर बिघडतात, आणि त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. म्हणून असं बाळ जन्मलं की लक्षणांची वाट न बघता एको करायचा. एएसडीला मात्र घाई नसते. तिथे दाब कमी असतो, मूल बहुधा चांगलं खेळतं, आणि तीन-चार वर्षांचं झाल्यावर उपचार केला तरी चालतो. अनेकांचा एएसडी तर तिशी-चाळिशीत, दम लागायला लागल्यावर सापडतो. प्रत्येक दोषाचं घड्याळ वेगळं असतं. एकाच्या मुलाला डॉक्टरांनी ‘थांबा’ सांगितलं म्हणून दुसऱ्याने थांबायचं नसतं. डॉक्टरांना थेट विचारा, ‘हे कधीपर्यंत करायला हवं, आणि त्यापुढे गेलो तर काय होईल?’ याचं उत्तर महिन्यांत मिळायला हवं. नुसतं ‘मोठं झाल्यावर’ यावर समाधान मानू नका.

बटन की टाके

लोक ज्याला ‘बटन’ किंवा ‘छत्री’ म्हणतात ते धातूच्या तारेचं विणलेलं झाकण असतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि भोकाच्या दोन्ही बाजूंना ते उघडून बसवतात. छातीवर टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. पण भोक कुठे आहे आणि त्याच्या कडेला झाकण धरायला पुरेसा पडदा आहे का, यावर हे ठरतं. मधोमध असलेल्या एएसडीला आणि बहुतेक पीडीएला ते चालतं, व्हीएसडीतल्या काहींनाच. ‘आम्हाला बटनच बसवा’ असा हट्ट काही घरं धरतात. तो समजण्यासारखा आहे, पण चुकीच्या जागी बसवलेलं बटन सटकतं, किंवा झडपेला अगर हृदयाच्या ठोक्याच्या तारांना घासतं. बटनानंतर साधारण सहा महिने रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते, कारण तेवढ्यात त्यावर आतली त्वचा चढते. ती गोळी मधेच सोडू नका.

उघड्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उघडतात, हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त फिरवण्याचं आणि शुद्ध करण्याचं काम यंत्र करतं. भोकावर ठिगळ शिवतात. सरळ केस असेल तर एक-दोन दिवसांत कृत्रिम श्वासाचं यंत्र निघतं आणि आठवडा-दहा दिवसांत बाळ घरी येतं. धोके असतात, आणि ते सहीच्या आधी ऐकून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडावर ताण, फुफ्फुसाचा दाब अचानक वाढणं. व्हीएसडीच्या काठावरूनच ठोक्याचा संदेश नेणारी तार जाते. तिला इजा झाली तर ठोके मंदावतात आणि पेसमेकर, म्हणजे ठोके चालवणारं छोटं यंत्र, बसवावा लागतो. असं क्वचित होतं, पण होतं. अनुभवी केंद्रात, योग्य वेळी केलेल्या व्हीएसडीच्या ऑपरेशनमध्ये जिवाचा धोका आता फार कमी राहिला आहे. तेच बाळ दोन न्यूमोनिया आणि कुपोषणानंतर आलं तर धोका वाढतो.

घरी आल्यावर पहिले सहा-आठ आठवडे बाळाला काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक कुल्ल्याखाली. छातीचं हाड तेवढ्यात जुळतं. ताप आला, दूध पिणं कमी झालं, लघवी घटली, धाप वाढली, जखमेतून पाणी आलं, किंवा बाळ उगीचच सुस्त पडलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पहिल्या काही आठवड्यांत हृदयाभोवती पाणी साचू शकतं आणि ते एकोतच दिसतं. लशी चालू ठेवायच्या. फक्त ऑपरेशनात रक्त दिलं असेल तर गोवरासारख्या जिवंत लशी काही महिने पुढे ढकलतात. ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या, म्हणजे अंगणवाडीत घोटाळा होणार नाही.

ऑपरेशनच्या आधीच्या काळात बाळाला पाजायचं कसं, याबद्दल आयांना कुणी फारसं सांगत नाही. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. अंगावर ओढताना दमत असेल तर दूध काढून बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा. आईच्या दुधाला पर्याय नाही. पातळ पेजेने पोट भरतं, वजन भरत नाही.

निळं बाळ

वर सांगितलेल्या दोषांत बाळ निळं पडत नाही, फक्त दमतं. दुसऱ्या गटात अशुद्ध रक्त थेट अंगात जातं आणि बाळ निळसर दिसतं. सावळ्या रंगाच्या बाळात हे ओळखणं अवघड जातं, म्हणून ओठांची आतली बाजू, जीभ आणि नखं बघायची. याहून खात्रीचं म्हणजे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कोविडपासून तो बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत असतो. जन्मानंतर २४ तास झाले की उजव्या हाताला आणि एका पायाला लावून बघायचं. ऑक्सिजन ९५ पेक्षा कमी असेल, किंवा हाता-पायात ३ पेक्षा जास्त फरक असेल, तर पुन्हा मोजायचं, आणि तसंच आलं तर एकोला पाठवायचं. पाच मिनिटांचं काम आहे. बाळंतिणीला घरी सोडण्याआधी हे केलंय का, एवढं विचारलंत तरी पुरे.

पाच मिनिटांचं असलं तरी ते इतकं मोलाचं का, तेही सांगतो. काही दोषांत बाळ त्या पीडीएच्या आडवाटेवरच जगत असतं. ती उघडी असेपर्यंत सगळं ठीक दिसतं. दोन-तीन दिवसांत, कधी आठवड्या-दीड आठवड्यात, ती बंद होते आणि बाळ घरी अचानक गळून जातं. पाय गार, दूध नाही, रंग राखेसारखा. पुष्कळदा याला नुसता जंतुसंसर्ग समजून सलाईन-सुया चालू राहतात. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या औषधाच्या थेंबाथेंबाच्या सलाईनने ती वाट पुन्हा उघडी ठेवता येते आणि बाळाला मोठ्या केंद्रात पोहोचवायला वेळ मिळतो. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या बाजूने बेळगावात यायला किती वेळ लागतो हे तिकडच्यांना सांगायला नको. म्हणूनच गरोदरपणातल्या सोनोग्राफीत दोष दिसला असेल तर बाळंतपण आधीच ठरवून बेळगावासारख्या मोठ्या ठिकाणी करावं. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य नळ्यांची अदलाबदल झालेली असेल, तर त्या जागेवर आणण्याचं ऑपरेशन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावं लागतं. नंतर हृदयाचा डावा कप्पा जोर गमावतो.

निळ्या दोषांत सगळ्यांत नेहमीचा टेट्रालॉजी ऑफ फॅलो. फुफ्फुसाची वाट अरुंद आणि खाली भोक. ही मुलं थोडं चालली की उकिडवी बसतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. उकिडवं बसल्याने पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं. कधी कधी, विशेषतः सकाळी रडल्यावर किंवा शी करताना, बाळाला झटका येतो. खोल, जोराचा श्वास, रंग एकदम गडद निळा, मग अंग ढिलं पडतं. अशा वेळी बाळाचे दोन्ही गुडघे छातीशी घट्ट दुमडून धरा, खांद्यावर घेऊन शांत करा, तोंडात पाणी घालू नका, आणि तसंच धरून दवाखाना गाठा. ही युक्ती घरातल्या प्रत्येकाला, सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही, करून दाखवून ठेवा. एक झटका आला म्हणजे ऑपरेशनची तारीख अलीकडे घ्यायची वेळ झाली.

निळ्या मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी राहून जातात. अंगात ऑक्सिजन कमी म्हणून शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं, रक्त दाट होतं. त्यामुळे जुलाब-उलट्या, कडक ऊन, पाण्याविना राहणं हे या मुलांना बाकीच्यांपेक्षा जास्त घातक. दाट रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते. जुलाब लागले की लगेच ओआरएस, आणि डॉक्टर. दुसरी गोष्ट लोहाची. अशा मुलाचं हिमोग्लोबिन १३-१४ आलं की ‘रक्त चांगलं आहे’ म्हणून सोडून देतात. निळ्या मुलाला ते कमीच असू शकतं, आणि लोह कमी पडलं की झटके आणि गुठळ्या वाढतात. तिसरंही सांगूनच टाकतो. दोन वर्षांवरच्या निळ्या मुलाला ताप, डोकेदुखी आणि उलट्या एकत्र असतील तर मेंदूत पू झाला नाही ना, हे बघायला हवं.

१९४४ साली २९ नोव्हेंबरला अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अशा एका निळ्या बाळावर पहिल्यांदा ऑपरेशन झालं. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुफ्फुसाकडे वळवून रक्ताला नवी वाट दिली. कल्पना हेलन टॉसिग या डॉक्टरबाईंची, हात सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचा, आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हे जमवून दाखवणारे होते व्हिव्हियन थॉमस, वैद्यकीय पदवी नसलेले कृष्णवर्णीय तंत्रज्ञ. ऑपरेशनच्या वेळी ते ब्लॅलॉक यांच्या मागे उभं राहून सूचना देत होते. कितीतरी वर्षं त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून इथे घेतो. आजही बाळ फार लहान किंवा त्याच्या फुफ्फुसाच्या नळ्या बारीक असतील तर आधी अशीच तात्पुरती नळी जोडतात आणि पूर्ण दुरुस्ती नंतर करतात. म्हणून ‘दोनदा ऑपरेशन सांगितलं म्हणजे पहिलं फसलं’ असा अर्थ काढू नका.

ऑपरेशन झालं, आता संपलं?

साधा पीडीए, एएसडी, व्हीएसडी वेळेत बंद केलेल्या मुलांचं आयुष्य बहुतेक इतर मुलांसारखंच जातं. टेट्रालॉजीचं तसं नाही. फुफ्फुसाची वाट रुंद करताना तिथली झडप बहुधा कामातून जाते, आणि रक्त मागे गळत राहतं. वीस वर्षं काही जाणवत नाही, उजवा कप्पा मात्र आतल्या आत फुगत असतो. पुढे नवी झडप बसवावी लागू शकते, ठोके अनियमित होऊ शकतात. ज्यांना एकच कप्पा कामाचा असतो त्यांच्यात टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं करून शेवटी अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुफ्फुसात सोडतात, त्याला फोंटन म्हणतात. त्या मुलांचं यकृत, आतड्यांतून गळणारी प्रथिनं आणि हृदयाचे ठोके यांवर जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. मुलगा दहावी झाला, कामाला पुण्या-गोव्याला गेला आणि तपासणी सुटली, हे आपल्याकडे सर्रास होतं.

आणि ताप. हृदयात दोष, ठिगळ किंवा कृत्रिम झडप असलेल्यांच्या हृदयाला आतून जंतू धरू शकतात. किडके दात आणि सुजलेल्या हिरड्या हे त्यांचं मोठं दार. दोन वेळा ब्रश, पोरांच्या हाती मशेरी नको. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला हृदयाबद्दल आधी सांगा, काही रुग्णांना आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. हृदयाच्या रुग्णाला चार-पाच दिवस ताप राहिला तर गावात ‘एक सुई मारून घ्या’ असं होऊ देऊ नका. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात कोणता जंतू आहे ते बघायची तपासणी, मग अँटिबायोटिक. उलटं केलं तर जंतू कल्चरमध्ये सापडत नाही आणि आजार महिनाभर लपून राहतो.

पैसा, कागद आणि दोन राज्यं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोष त्यात आहे. पथक अंगणवाडीत येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, एपीएलला ठरलेल्या दराच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत. तातडीची केस सोडून आधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. ते न घेता थेट खासगीत गेलात तर योजना अडकते, म्हणून आधी तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं सिव्हिल. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कोल्हापूर-पुण्याला न्यायचं असेल तर तिथल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारून, कोणते कागद लागतात ते कळल्यावरच निघा. बेळगावात केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात हृदयाची ऑपरेशनं होतात. सरकारी जयदेव संस्था बेंगळुरू, म्हैसूर आणि कलबुर्गीला आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाचे उपचार पूर्ण मोफत होतात, तिथे पैशाची खिडकीच नाही.

कागद इंग्रजीत, बोर्ड कन्नडमध्ये, घरचं बोलणं मराठीत. यात माणूस भांबावतो आणि न समजता सही करतो. तसं करू नका. आपल्या भागातल्या दवाखान्यांत मराठी बोलणारी नर्स किंवा वॉर्डबॉय बहुधा भेटतोच, त्याला शेजारी बसवून वाचून घ्या. प्रत्येक एकोचा कागद एका फायलीत तारखेप्रमाणे लावा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या. जुना आकडा नव्या आकड्याशेजारी असला की डॉक्टरांना निम्मी गोष्ट तिथेच कळते.

असं का झालं, आणि पुढच्या वेळी?

ग्रहणात भाजी चिरली म्हणून नाही. पपई खाल्ली म्हणून नाही. सून कामाला वाकली म्हणूनही नाही. हृदय गर्भाच्या पहिल्या आठ-एक आठवड्यांतच घडून जातं, पुष्कळदा दिवस गेल्याची खात्री व्हायच्या आत. बहुतेक वेळा एकच असं कारण सापडत नाही. ज्यांवर काही करता येतं ती कारणं म्हणजे आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, गरोदरपणातला रुबेला आणि फिट्‌सच्या काही गोळ्या. मधुमेह किंवा फिट्‌स असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटायचं, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि नात्यातली लग्नं. मामाच्या किंवा आत्याच्या घरची सोयरीक, काही घरांत तर मामा-भाचीचं लग्नही, आपल्याकडे आजही मानाचं समजतात. अशा लग्नांत जन्मजात दोषांचा धोका वाढतो, हे नव्या सोयरिकी जुळवताना लक्षात ठेवावं. झालेल्या लग्नाला दोष देऊन मात्र काही साधत नाही.

एका मुलाला दोष असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता शंभरात साधारण दोन ते पाच. पुढच्या गरोदरपणात १८ ते २२ आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा एको करावा. दोष फारच गंभीर निघाला तर काय करायचं हा निर्णय आई-वडिलांचा. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाला गर्भातला दोष गंभीर वाटला तर २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. मुलीच्या ऑपरेशनला घरात जास्त चर्चा होते, जास्त उशीर होतो, आणि छातीवरचा व्रण लग्नात आडवा येईल ही भीती तिच्या जिवापेक्षा मोठी ठरते. मला याचा राग येतो. वेळेत ऑपरेशन झालेली मुलगी बहुधा निर्धास्तपणे आई होऊ शकते. ऑपरेशन टाळून आयझेनमेंगरपर्यंत पोहोचलेल्या बाईला मात्र गरोदरपण जिवावर बेततं, अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण फार मोठं आहे आणि डॉक्टर गर्भ राहू न देण्याचाच सल्ला देतात. धातूची झडप बसवलेल्या बाईची रक्त पातळ करणारी गोळी गर्भाला बाधू शकते आणि एकदम बंद केली तर झडपेत गुठळी होते, म्हणून दिवस राहण्याआधीच औषध कसं बदलायचं ते ठरवावं लागतं. म्हणून लग्न ठरताना ऑपरेशन लपवू नका, आणि सासरी जाताना तिची एकोची फाइल तिच्या पिशवीत द्या. पहिल्या नावनोंदणीला आशाताईसमोर ती फाइल उघडली, की बाळंतपण कुठे करायचं हे पहिल्या तीन महिन्यांतच ठरवता येतं.